मधल्या बाईंची लाल पेन्सिल

पहिल्याच भेटीत मधल्या बाईंनी मला सांगून टाकलं, की माझ्या बहिणीबद्दल त्यांना सगळं ठाऊक आहे आणि त्यातलं काहीही त्या मला सांगणार नाहीत. चहा ओतता ओतता सांगितलं, अगदी मायेनं. वर विचारलं, "चीनी कितनी, बेटा?"

तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण मी दीड चमचा म्हणाले आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं त्या खोलीत खेटे घालत राहिले.

मधल्या बाई हे आमच्या घरातलं नाव. संस्थेत त्यांना सगळे दीदी म्हणत, सत्तरीच्या दीदी. अनाथ मुलांच्या त्या संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतरही मंगळवार-शुक्रवार अकरा ते एक त्या तिथे एका खोलीत बसत. दत्तक गेलेलं मूल मोठं होऊन आपलं रक्ताचं माणूस शोधत आलं, तर संस्था त्याला थेट काही सांगत नसे. मध्ये या बाई. आपण पत्र लिहून त्यांच्याकडे द्यायचं, त्या ते वाचणार, त्यांना पटलं तर पलीकडे नेऊन देणार, आणि पलीकडचं जे काही असेल ते, त्यांना पटेल तेवढं, आपल्याला सांगणार. संस्थेचा नियमच तसा होता.

मी त्याच संस्थेतून दत्तक गेलेली, चार महिन्यांची असताना. हे माझ्यापासून कोणी लपवलं नव्हतं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, दिल्लीत रामकृष्णपुरमला क्वार्टर होतं, आणि मी सहा-सात वर्षांची असताना आईनं वेणी घालता घालता सांगितलं होतं, "तुला आम्ही आणलं." कुठून, कशी, हे मी विचारलं नाही. शाळेत हिंदी, घरी मराठी, गणपतीत आरती आणि लोहडीला शेजारच्यांकडची रेवडी, यात माझं बरं चाललं होतं. कोणी विचारलं तर पुण्याची म्हणून सांगायची. पुणं तोवर तीनदा पाहिलं होतं.

मग आई गेली. त्यानंतरच्या थंडीत मी बाबांबरोबर मटार सोलत बसले होते. बाबा अचानक म्हणाले, "तुला एक मोठी बहीण होती. तिथेच होती, तुझ्याबरोबर. सात वर्षांची असेल."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "माझी सख्खी बहीण?"

"हो. तुमची आई तुझ्या वेळी बाळंतपणात गेली. वडील त्याआधीच. कोणी नातेवाइकानं दोघींना आणून सोडलं होतं."

"आणि तिला तिथेच ठेवलंत?"

"आम्ही तान्हं मूल आणायला गेलो होतो," बाबा म्हणाले. "दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. तुझ्या आईला नंतर फार लागून राहिलं. तिनं मला शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून." ते पुन्हा मटार सोलायला लागले, आणि मी तिथून उठले.

एकतीस वर्षं मी एकुलती एक म्हणून जगले होते. भांडायला कोणी नाही, म्हणून मैत्रिणींच्या बहिणींचा हेवा करत. आणि एक सात वर्षांची मुलगी माझ्यासाठी मागे ठेवली गेली होती. मला नवी आई नको होती, माझी आई मला पुरेशी होती. मला फक्त त्या बहिणीसमोर उभं राहून सांगायचं होतं, की मला माहीत नव्हतं गं. तिनं मला बहीण म्हणावं असंही वाटत होतं, पण ते मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते.

आम्ही तेव्हा नुकतेच गुडगावात राहायला आलो होतो, अकराव्या मजल्यावर. लॉबीत इटालियन संगमरवर होता आणि लॉबीबाहेर रस्ताच नव्हता. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, मी एका कॉल सेंटरमध्ये नव्या पोरांना शिकवायला. गुडगावात तेव्हा मेट्रो नव्हती. संस्थेत जायचं तर अर्धी सुट्टी टाकायची, चार्टर्ड बसनं धौला कुआँ, तिथून दुसरी बस, मग ऑटो करून हिंदूराव हॉस्पिटलचा चढ. बाबांना मी प्रत्येक वेळी म्हणायची, चला. ते नाही म्हणायचे. परत आले की विचारायचे, "चढ तसाच आहे का गं अजून?" आणि हा हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरचा, आपला माणूस, हे दर वेळी नव्यानं सांगायचे. मूळ विषयाला मात्र बगल.

पहिलं पत्र मी चार पानांचं लिहिलं, हिंदीत. माझं हिंदी चांगलं आहे. तीन रात्री जागून लिहिलेलं ते पत्र मधल्या बाईंनी समोर ठेवलं, टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत कामाला लागल्या.

गुडगाव कापलं. "जगह नहीं बताते, बेटा."

अकरावा मजला कापला. "इससे हैसियत पता चलती है."

बाबांचं खातं कापलं, क्वार्टर कापलं, मुलाचं नाव कापलं. आम्ही मराठी आहोत, घरी मराठी बोलतो, हे वाक्य होतं, त्यावर पेन्सिल जरा थबकली. "दिल्ली में मराठी कितने हैं? ढूँढ लेंगे लोग." तेही कापलं.

"लोग म्हणजे कोण? माझी बहीणच ना?" मी हिंदीत म्हणाले. आवाज चढला होता.

"एक बार मैंने नहीं काटा था," त्या म्हणाल्या. "बहुत बुरा हुआ था." काय वाईट झालं होतं ते अर्थातच सांगितलं नाही.

शेवटी आठ ओळी उरल्या. मी बरी आहे, माझं लग्न झालंय, एक मुलगा आहे, तुम्ही आहात हे मला आत्ता कळलं, मला भेटायचं आहे. एखाद्या आजारी माणसानं लिहवून घेतल्यासारखं पत्र. खाली सही करायची होती. "सिर्फ़ पहला नाम," बाई म्हणाल्या. "वही जो राशन कार्ड पर है." मी सही केली. बाईंनी पत्र घडी घालून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि फोल्डर कपाटात. मला वाटलं, त्या आजच निघतील. कपाटाला कुलूप लागलं.

मग सुरू झाले फोन. मंगळवारी अकरा ते एक लाइन बिझी. शुक्रवारी लागला तर, "अभी टाइम ठीक नहीं है, बेटा." पुढच्या महिन्यात, "उनकी तबीयत ठीक नहीं." त्यापुढच्या महिन्यात बाई स्वतःच आजारी. एकदा मात्र त्यांच्या तोंडून निसटलं, "उनके यहाँ छत पड़ रही है, अभी कैसे दूँ चिट्ठी?"

म्हणजे बाई त्यांच्या घरी जात होत्या. तिथे चहा पीत होत्या. नंतर कळलं, की बहिणीचं लग्न संस्थेनंच लावून दिलं होतं आणि बाई मुलीच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. ज्या चेहऱ्यासाठी मी झुरत होते तो त्या सणावाराला पाहत होत्या, आणि मला ताकास तूर लागू देत नव्हत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या एका वाक्यावर मी कित्येक आठवडे काढले. छत पडतंय म्हणजे स्लॅब पडतोय, घर बांधताहेत. पण त्या दिवसांत कोणाचं छत पडत नव्हतं? गुडगाव, फरीदाबाद, नोएडा, जिकडे बघावं तिकडे लाकडी बल्ल्यांचे टेकू लागलेले आणि सळया वर आलेल्या. ऑफिसच्या गाडीतून जाताना मी प्रत्येक अर्धवट घराच्या दारात उभी असलेली चाळिशीची बाई बघायची. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या बायकांची वयं मी विचारायला लागले. एकीनं तर शेवटी माझ्या नवऱ्याकडे तक्रार केली, की मेमसाब को मुझसे क्या चाहिए. नवरा म्हणाला, "अगं, वेड लागेल तुला. सोड जरा." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि त्यात माझी एक नीच शंका होती, तीही लिहून टाकते. बहीण गरीब असली तर? माझ्या घरात येऊन सोफ्याच्या कडेला बसली तर? मला तिची लाज वाटली तर? मी तिला शोधत होते आणि ती सापडल्यावर आपण कसे वागू याची मला खात्री नव्हती. रात्रंदिवस बाईंना शिव्या देणं त्यापेक्षा सोपं होतं.

आठ महिन्यांनी बाईंनी बोलावलं. मी मिठाईचा डबा घेऊन गेले. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "उधर से ना है."

"का?"

"वो मैं नहीं बता सकती."

"पत्र वाचलं का तिनं?"

"पढ़ा."

"मग काय म्हणाली?"

"ना."

मी रडले, भांडले, टेबलावर हात आपटला. ते माझं पत्र नव्हतं, तुमच्या पेन्सिलीचं पत्र होतं, असं काहीबाही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नियम सांगितला: एकदा नकार आला की फाइल बंद, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, कारण पलीकडच्या माणसालाही शांतपणे जगण्याचा हक्क आहे. आणि मिठाईबद्दल आभार मानले, मुलांना वाटते म्हणाल्या. मी चढ पायीच उतरले. ऑटोवाल्याशी बोलायचीही ताकद नव्हती.

पुढची दोन वर्षं मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. अर्ज केले, संस्थेच्या विश्वस्तांना भेटले, दिवाळीचं कार्ड पाठवलं. सगळीकडून हसतमुख नकार. ऑफिसात माझं काम काय होतं, तर भरती झालेल्या पोरांना पहिल्या दिवशी एकेक अमेरिकन नाव द्यायचं आणि दिवसभर त्याच नावानं हाका मारायच्या, म्हणजे फोनवर ते अडखळत नाहीत. रोहतक-सोनीपतची पोरं लाजत लाजत नवी नावं लावून घ्यायची आणि आठवड्याभरात त्या नावाला ओ द्यायला लागायची. दोन वर्षं ही यादी माझ्या हातात होती, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

बाबा तोवर आमच्याकडे राहायला आले होते. एका रविवारी सकाळी मी इस्त्री करत होते आणि तोंड चालू होतं. विषय नेहमीचाच. "आठ ओळी!" मी म्हणाले. "कुठलं गाव नाही, घर नाही, माणसं नाहीत. खाली नुसतं माझं नाव. कोण विश्वास ठेवेल असल्या पत्रावर?"

बाबांनी पेपर खाली घेतला. "नाव कुठलं घातलंस?"

"कुठलं म्हणजे? माझं."

"तुझं म्हणजे कुठलं?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. "इस्त्री बंद कर," मग म्हणाले. "बस इथे."

मला आणायला गेले त्या दिवशी माझी बहीण मला सोडतच नव्हती. मला मांडीवर घट्ट धरून भिंतीला टेकून बसली होती. तिथल्या एकीनं तिचे हात ओढून सोडवायला सुरुवात केली, तेव्हा बाबा म्हणाले थांबा, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तुझी बहीण आमच्याकडे नीट राहील, असं सांगायला लागले. ती म्हणाली, नाव बदलायचं नाही. आईविना आलेल्या बाळाला नाव नव्हतं, ते तिनंच ठेवलं होतं. नाव तेच राहिलं तर मोठी झाल्यावर मी हिला शोधून काढीन, असा तिचा हिशेब होता. बाबा हो म्हणाले. मग तिनं हात पुढे केला, मोठ्या माणसांसारखा, आणि बाबांनी तो हातात घेऊन हलवला. त्यानंतरच तिनं मला आईच्या हातात दिलं.

"आम्ही पाळलं गं," बाबा म्हणाले. "पुण्याचे सगळे हसले, हे काय उत्तरेकडचं नाव ठेवलंत म्हणून. तुझी आई म्हणाली, हेच राहणार. चोवीस वर्षं पाळलं."

आणि मग माझं लग्न झालं.

लग्न पहाडगंजच्या एका हॉलमध्ये. सासरची मंडळी पुण्याहून आलेली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, आपल्याकडे लिहितात तसं. नाव नणंदेनं शोधलं होतं, नवऱ्याच्या नावाशी जुळणारं. "आधीचं नको बाई, जुन्या हिंदी सिनेमातल्या मोलकरणीचं वाटतं," ती म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. मला ते जुनं नाव कधी आवडलंच नव्हतं, शाळेत त्या नावाच्या वर्गात तिघी होत्या. नवं कसं सुटसुटीत होतं. आई तेवढी म्हणाली, "राहू दे ना तेच. सवय झालीय आम्हाला." बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलाकडचे म्हणताहेत. जाऊ दे." आई खूप रडली त्या दिवशी. लेक सासरी जाते म्हणून, असंच सगळ्यांना वाटलं, मलाही.

"तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी ओरडले. "बहीण होती म्हणालात तेव्हा तरी? पत्र लिहिताना तरी?"

"लाज वाटली," बाबा म्हणाले. "एवढ्याशा पोरीला दिलेला शब्द."

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत फोन केला नाही, मंगळवारची वाटही पाहिली नाही. बाईंच्या घराचा पत्ता कर्मचाऱ्यांकडून काढला आणि थेट त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं. मला आठवतं, हातातली लोकर-सुया त्यांनी खाली ठेवल्या.

"पहला नाम भी बदल देते हैं आपके यहाँ?"

"हो."

"शादी में?"

"चावल में लिखकर."

"इतने साल में मुझे किसी ने नहीं बताया," त्या म्हणाल्या. फाइलमधलं नाव वेगळं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. दत्तक घेणाऱ्यांनी बदललं असेल असं धरून चालल्या होत्या, कारण सगळेच बदलतात. आणि मग त्यांनी स्वतःचा नियम पहिल्यांदा मोडला, त्या वेळी काय झालं होतं ते सांगितलं. पत्र घेऊन त्या गेल्या तेव्हा बहीण ओट्यावर बसली होती. तिनं पत्र वाचलं, खालचं नाव पाहिलं आणि परत दिलं. ये मेरी वाली नहीं है, म्हणाली. बाईंनी सांगितलं, फाइलप्रमाणे हीच आहे. "तो बोली, फ़ाइल में गड़बड़ होगी, दीदी. उस आदमी में नहीं. उसने हाथ मिलाया था."

मी म्हणाले, "तुम्ही मराठी हा शब्द कापला नसता तर? मला न्यायला आलेले दोघं आपसात कसे बोलत होते, हे तिला आठवलं असतं."

"हाँ," बाई म्हणाल्या. त्यांनी सबब सांगितली नाही. मला त्यांच्यावर आणखी ओरडायचं होतं, पण आता ओरडण्यात दम राहिला नव्हता. सही तर मीच केली होती.

घरी येऊन मी बाबांना बहिणीचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं. रागाच्या भरात सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसरं पत्र बाबांनी लिहिलं. तीन ओळी, सरकारी वळणाच्या हिंदीत: वचन मी मोडलं, मुलीला त्यातलं काही माहीत नव्हतं, ती तुमचीच आहे. बाईंनी ते वाचलं, पेन्सिल न काढता पाकिटात घातलं. आठ दिवसांत उत्तर आलं. शुक्रवारी येते, त्या माणसालाही घेऊन या.

मी दोन साड्या घेतल्या होत्या, एक पिशवी भरून सुका मेवा, मुलाचे फोटो. बाबांना चढावर दोनदा थांबावं लागलं. आम्ही साडेदहालाच जाऊन बसलो. ती अकराला आली, वेळेवर. एका एक्सपोर्टच्या कारखान्यात शिलाईच्या लाइनवर सुपरवायझर होती, अर्धी सुट्टी टाकून आली होती. स्वच्छ कडक सुती साडी, खांद्याला पर्स, एका हाताला दोन-अडीच वर्षांची नात. माझ्यासारखं नाक. माझ्यासारखंच कपाळ, आठ्यांसकट. माझी पिशवी मी पायानं खुर्चीखाली सरकवली.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलली आधी बाबांशी. नातीला अंगणात सोडलं आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"आपने हाथ मिलाया था."

"मिलाया था," बाबा म्हणाले.

"फिर?"

"हमारे यहाँ शादी में रिवाज है, बेटी..."

"रिवाज," ती म्हणाली. चिडली नाही. कापड तपासून बाजूला ठेवावं तसं तिनं तो शब्द उच्चारला. बाबांनी हात जोडले. तिनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मधल्या बाईंनी चहा आणला आणि पहिल्यांदाच कोणाला साखर विचारली नाही.

मग मी बोलायला लागले. जे तीन वर्षं पाठ करत होते ते सगळं. मला माहीत नव्हतं. पत्र कापलं गेलं होतं. मी किती खेटे घातले, किती छतं बघितली. ती ऐकत होती. मला आप म्हणत होती. "आपका बेटा किस क्लास में है?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "अच्छा है," ती म्हणाली. मी म्हणाले, मी कागदोपत्री सगळं परत बदलून घेईन, तुम्ही ठेवलेलं नाव पुन्हा लावीन, अगदी सोमवारपासून. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगावं की नाही असं तिच्या मनात चाललेलं दिसलं. मग ती खिडकीतून अंगणात पाहू लागली.

आणि मग तिनं हाक मारली. माझ्या नावानं. दहा वर्षांत त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. आई होती तेव्हा तीसुद्धा सासरचंच नाव घ्यायची. मला रडू फुटलं. "हाँ," मी म्हणाले आणि खुर्चीतून उठून तिच्याकडे निघालेसुद्धा. मला वाटलं, झालं. तिनं मला ओळखलं.

"आपको नहीं," ती म्हणाली. अंगणातल्या नळाखाली हात धरून बसलेल्या पोरीकडे तिनं बोट दाखवलं. "उसको बुला रही हूँ."

मी तशीच उभी. बाबांनी मान खाली घातली. ती आता पहिल्यांदाच माझ्याशी जरा मऊ आवाजात बोलली, समजूत घालावी तसं.

"आपकी चिट्ठी आई थी न, दूसरे नाम वाली. मैंने समझा, मेरी वाली अब इस दुनिया में नहीं है. उसी महीने ये हुई. नाम ख़ाली पड़ा था, इसको दे दिया."